करोडगिरी नाक्याचं मागचं दार

सभ्य स्त्रीपुरुषहो, टोप्या सावरा, घसे साफ करा आणि शक्य असल्यास उभे राहा. आमच्या गावातली एकमेव ऐतिहासिक वास्तू, जिथं मी उभी हयात उघडपणे बसत आलो, ती आजही बारच आहे. तिचं वाचनालय झालं नाही. या थोर घटनेचा मी साक्षीदार आहे.

जळकोटकडं जाणाऱ्या हायवेला लागून ही दगडी इमारत आहे. निजामाच्या काळात इथं करोडगिरी नाका होता, म्हणजे जकातीचा. डोक्यावर माल घेऊन कुणी मागून सटकू नये म्हणून मागचं दार इतकं बुटकं ठेवलेलं, की कमरेत वाकल्याशिवाय माणूस आत जात नाही. निजाम गेला, इमारत ग्रामपंचायतीकडं आली. काही वर्षं तिथं खताची पोती पडून होती. मग अण्णांनी ती भाड्यानं घेऊन बार टाकला. अण्णा गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात आणि त्याच्याविषयी कानडीत.

पुढच्या दारानं आमच्यासारखे बदनाम लोक जात. प्रतिष्ठितांसाठी मागचं दार. त्या दारासमोरच्या बोळात पिठाची गिरणी असल्यामुळं संध्याकाळी गावचे थोर पुरुष हातात दळणाचा डबा घेऊन निघत. रिटायर झालेल्या हेडमास्तर गुरुजींच्या घरी माणसं दोन, पण दळण रोज. एवढं पीठ खाऊन दोघंही काडीसारखी कशी, हे कुणी विचारलं नाही.

याच डबाधारी मंडळींना यंदा अचानक इतिहासाचा पुळका आला. अण्णांचा भाडेकरार संपत आलेला. 'ऐतिहासिक वास्तूत दारू नको, वाचनालय करा,' असा ठराव गुरुजींनी मांडला. ज्या गावात पेपर फक्त भजी बांधायला लागतो, तिथं वाचनालय! सरपंचांच्या मेहुण्यानं बायपासला एसी बार बांधायला काढलाय, एवढी एक गोष्ट सोडून ठरावात सगळं होतं.

अण्णांचं तोंड उतरलं. "ह्या वयात आता दुसरं काय टाकू मी? पानपट्टी?" ते मला म्हणाले.

पाहणीला तालुक्याहून साहेब आले. करार वाढवायचा की नाही, ते त्यांच्या हातात. त्यांनी आधीच विचारलं, "इथं गावातलं कुणी येतं का?"

"छ्या! ड्रायव्हर लोक बसत्यात साहेब. आमी तर ह्या वाऱ्याला बी हुबं ऱ्हात न्हाय," सरपंच म्हणाले. गुरुजींनी दोन्ही कानांना हात लावले.

"मग गावाला याचा उपयोगच नाही," साहेब म्हणाले. अण्णांनी मान खाली घातली.

बारच्या पाटीखाली साहेबांचा फोटो निघायला नको, म्हणून सरपंचांनी सगळ्यांना बोळातून नेलं. मी आणि अण्णा मागं. आत मिट्ट काळोख. सरपंच वाकले आणि आत गेले. उपसरपंच वाकले. गुरुजी तर वास्तूचं पावित्र्य सांगत होते. वाक्य न तोडता वाकले आणि आत जाऊन पूर्णविराम दिला. त्यांच्या मागून साहेब, ताठ मानेनं.

धाड्!

साहेब कपाळ धरून उंबऱ्यावर मटकन बसले. गुरुजींना राहवलं नाही. कळवळून ते पुढं आले, साहेबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत बोलून गेले,

"पयल्या दिवशी समद्यांनाच लागतंय, साहेब!"