गुरुवारची पेज

शेवंती आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मंगळवारी दुपारी पडवीत बसून आमसुलांसाठी रातांबे फोडणं. मी फोडायचो, ती बिया काढायची. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, तरी मलाच बोलत होती, "अवो, नीट फोडा, रस समदा भुईला पाजताव!" चारच्या सुमाराला तिला हुडहुडी भरली, ताप चढला. बुधवारच्या सकाळच्या एसटीनं रत्नागिरीला न्यायचं ठरवलं. गाडी यायच्या आधीच ती गेली... पाच आठवडे झाले, मला एका जागी बसवत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. गावात सगळे सांगतात, बायको काविळीनं गेली. मी काय केलं ते कुणी विचारत नाही, म्हणून इथं लिहितो.

ती गेली त्याच्या आदल्या गुरुवारची गोष्ट. उजव्या बरगडीखाली तिला महिनाभर कळ यायची, पार पाठीत जायची. गावच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली, म्हणाला, रत्नागिरीत सोनोग्राफीचं नवं यंत्र आलंय, तिथला डॉक्टर गुरुवारीच बसतो, उपाशी पोटी जा. पहाटे मी पेज शिजवली, तिच्या अंगात त्राण नाही म्हणून वर चमचाभर तूप सोडलं. "उपाशी जावचा हाय ना?" ती बोलली. मी म्हटलं, "अगो, पेज म्हंजे काय जेवण? पाणीच ते. दोन तास गाडीत हिंदकळशील, चक्कर येऊन पडशील." आमच्याकडे जेवण म्हणजे भात. पेज पिऊन शेतावर गेलेला माणूसही दुपारी म्हणतो, सकाळपासून उपाशी आहे. तिला नको होती. माझ्या तोंडाकडे बघून प्यायली.

रत्नागिरीचा डॉक्टर तरुण. तिच्या पोटाला थंडगार काहीतरी चोपडलं आणि "श्वास घ्या, धरा, डाव्या कुशीवर वळा" करत दांडीसारखं यंत्र बरगडीखाली फिरवत राहिला. मग थांबला. "आजी, सकाळी काय खाल्लं?" शेवंती बोलली, "काय नाय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीच सांगितलं, पेज दिली, तुपाची. डॉक्टर उखडला. "तूप पोटात गेलं की पित्ताची पिशवी आवळते, आतलं पित्त सोडून देते. मिटलेल्या पिशवीत खडा शोधू कुठं? खालची पित्ताची नळीही पोटातल्या गॅसनं झाकलीय." पुढल्या गुरुवारी या म्हणाला, मधे ताप आला तर थांबू नका. बाहेर आल्यावर मी तिच्यावरच खेकसलो, "प्यायलीस कशाला मग?" ती हसली. "तुमी रांधलेली. टाकू कशी?"

बुधवारी संध्याकाळी अग्नी दिला. घरात चूल पेटलेली नव्हती. भावकीनं पिठलं-भात आणून ठेवला, गिळवला नाही. अग्नी दिलेल्यानं दहा दिवस घराबाहेर पडू नये. पण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तिची चिठ्ठी खिशात घालून मी पहिली गाडी पकडली.

"आजी कुठायत?" डॉक्टरनं विचारलं.

"गेली. काल. मी कालपासून काय खाल्लेलं नाय. मला बघा."

त्यानं खाटेकडे बोट केलं. पोटाला तेच थंडगार लागलं. श्वास घ्या, धरा. पडद्यावर काळी, टम्म भरलेली पिशवी दिसली, लांबट पेरूएवढी.

"हिची अशी दिसायला हवी होती?"

"हो."

"आणि खडा?"

"पांढरा ठिपका. त्याच्या खाली काळी सावली."

"तो दिसला असता तर वाचली असती?"

"काका, खडा नळीत अडकला असेल तर कदाचित तरीही दिसला नसता. खरंच सांगता येत नाही." त्यानं यंत्र उचललं. "श्वास सोडा आता."

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "ती पिशवी परत दाखवा."