ज्याच्याशी पटत नाई, त्याचंच काम

तलावावरून मासोळ्या आनून इकल्या, घरी येऊन आंग धुतलं, तरी एखांदं खवलं कोपराले चिकटून राह्यतेच. आमच्या मंडळीचे किस्से तसेच हायत. झटकून जातच नाई! नागभीडकडच्या आमच्या खेड्यात क्रिस्ती घरं चारच, पन किस्से साऱ्या चांदा जिल्ह्याले पुरतीन!

मी दगडू. बाप्तिस्म्यात पाद्रीसायबानं मले दाऊद नाव देल्लं. पान्यात गेलो तं दगडू, निंगलो तं दाऊद, आन् गावात पोचलो तं पुन्हा दगडूच!

*

इंग्रज जाऊन थोडेच वर्ष झालते. नाताळाले पाद्रीसायेब बैलबंडीत बसून आले. आम्ही टाळ वाजवून प्रेमाचं गजब गानं म्हनलं. सायबानं ते आयकून घेतलं आन् म्हने, "प्रेमाचं गानं झालं. आता काम करा. ज्याच्याशी तुमचं जराबी पटत नाई, असा एकेक मानूस धरा. मोहाचे फुलं वेचून होयेपर्यंत त्याची सेवा करा. पन सांगत फिराचं नाई!"

मी उठलो. "सायेब, मले तं सारेच आवडते. आता कोनाले धरू?"

आमची पराथना समेलभाऊ घेये. धंद्यानं वाढई, म्हनजे सुतार, मानूस सरळ, पन हासनं म्हनून मालूम नाई. तो उभा झाला आन् म्हने, "माह्यावाला मानूस ठरला. दगडूभाऊ!"

सारी मंडळी "आमेन" म्हनली. येवढ्या जोरानं तं पराथनेतबी म्हनत नाई!

*

समेलभाऊले माह्या गमती पटत नव्हत्या. आता सेवा कराची म्हनून तो माह्या हरेक गोष्टीवर हासाले लागला. मी म्हनलं, "आज ऊन हाय," का हा हासे. "बैल चरून राह्यला," का पोट धरून हासे. हासता येत नाई बिचाऱ्याले, खोकल्यासारखा आवाज निंगे!

एक दिवस वडश्याकडून, माह्या सासुरवाडीहून निरोप आला. मी धावत त्याच्या घरी गेलो. "भाऊ, माहा सासरा वारला!"

तं हा हासत हासत खालीच बसला!

"अबे भाऊ, हासू नोको! खरंच वारला!"

मंग कसा पानावला! रंदा टाकला, माह्यासंगं पायी निंगाला, सासऱ्याले खांदाबी देल्ला. पन मसनाच्या वाटेवर हळूच माह्या कानाशी आला. म्हने, "दगडूभाऊ, खरंच गेले ना?"

*

मिशनच्या दवाखान्यातला फिलिप कंपाउंडर. त्यानं जंगलाचा नाकेदार धरला. हा नाकेदार जंगलात लाकडं तोडली म्हनून फिलिपची कुऱ्हाड घेऊन बसलता, देतच नव्हता.

नाकेदाराले हिवताप चढला. फिलिप रोज जंगलातून चालत जाये, तापाचं कडू कोयनेल पाजे, पेज करून देये, कपडेबी धुये. कुऱ्हाडीचं नावच नाई घेतलं!

नाकेदार बरा झाला. डोळ्यांत पानी आनून म्हने, "फिलिपभाऊ, सख्खा भाऊ करत नाई इतकं केलं. घे तुही कुऱ्हाड." आन् पातं काढून हातावर ठेवलं.

"आन् दांडा?"

"दांडा कसा देऊ? तो सरकारी जंगलाचा हाय!"

*

समेलभाऊची बायको मार्थावहिनी. तिनं धरलं रखमाबाईले. रखमा म्हनजे तिची मोठी जाऊ, विधवा, भिंतीले भीत लागून घर. समेलभाऊनं आन् वहिनीनं बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून रखमाचं बोलनं बंद. वहिनी लहानपनी लगन होऊन आली, तवा ह्याच रखमानं तिची वेनी घातलती. वहिनी म्हने, "मले दुसरं काई नोको, दगडूभाऊ. एक डाव बाईनं मले हाक मारावी."

म्हनून तिनं झिंग्याचं कालवन करून रखमाच्या उंबरठ्यावर ठेवलं. रखमानं पाह्यलं, आन् सारं कुत्र्याले टाकलं. वहिनीनं पुन्हा ठेवलं, पुन्हा कुत्र्याले! मंग कुत्रं रखमाचं घर सोडून वहिनीच्याच दारात राह्याले लागलं.

मी म्हनलं, "चला वहिनी, त्या घरातलं कोनीतरी मंडळीत आलं!"

*

मंग चैत आला, मोह पडाले लागला. आमच्याकडं जंगलात ज्याचं त्याचं झाड ठरेल हाय. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचललं का चोरी. आन् चोरी झाली का गाव त्याचं सोताचं झाड काढून घेते. मोहावर तं गरिबाचे कितीक महिने निंगते!

त्यातच रखमाचा पाय मुरगळला. सुजून भोपळा! झाडाखाली फुलाचा सडा, आन् ढोरं खाऊन राह्यले. वहिनी झुंझुरक्याच, कोंबडा आरवताच जाये, आंधी रखमाचं झाड वेचे, फुलं तिच्या आंगनात वाळू घाले, मंग आपल्यावाल्या झाडाकडं.

कोनीतरी पाह्यलंच. चिंचेखाली पंच बसले. पाटील म्हने, "मार्था, तू रखमाच्या झाडाखाली गेलती का नाई?"

"गेलती."

"काऊन?"

वहिनी गप. सांगाचं नाई म्हनलं होतं ना पाद्रीसायबानं! समेलभाऊ धोतराचा सोगा पिळून राह्यलता. माही जीभ वळवळ करे. जिंदगीत पयल्यांदा खरं बोलाची येळ आली, आन् वहिनीनं डोळे वटारले!

"बोलत नाई तं तुहं झाड गेलं," पाटील म्हने.

तितक्यात काठी टेकत, लंगडत रखमाच आली.

पाटील म्हने, "रखमाबाई, तुहे फुलं हिनं चोरले."

"चोरले? माह्या आंगनात जाऊन पाहा, पाय ठेवाले जागा नाई!"

पंच एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागले. रखमा वहिनीकडं वळली. कमरेवर हात ठेवला आन् अशी कडाडली का झाडावरचे कावळे उडाले!

"काऊन वं मार्थे! असं वेचतेत का? अर्धा तं पालापाचोळाच! लगन होऊन आली तवापासून शिकवून राह्यली मी!"

हाक आयकून वहिनी तिच्यापाशी गेली. म्हने, "बाई, पाय कसा हाय?"

"पायाले काय धाड भरली! उद्या लवकर ये. आन् टोपली माह्यावाली घेऊन जाजो. तुह्यावाली फुटकी हाय."