एटापल्लीच लिहिलं

विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा आमचा एक मेळावा असतो. त्याला ना मंत्री, ना मंडळ. वाचकच बोलावतात आणि वाचकच सतरंज्या उचलतात. शेवटच्या दिवशी पुढच्या वर्षीचं गाव मतदानानं ठरतं. मी एटापल्लीला शाळेत विज्ञान शिकवते. एकदा आमच्या गावाचं नाव मांडलं आणि सपाटून हरले.

पुढच्या वर्षी पुन्हा मांडलं. सोबत माझी मैत्रीण होती, चंद्रपूरला बँकेत असते, पुस्तकांपायी माझ्याइतकीच वेडी. जेवणाच्या रांगेतून तिनं मला बाजूला ओढलं.

"एटापल्ली खोड, ताडोब्याजवळचं मोहर्ली लिही. वाघाचं नाव काढलं का हे सारे मत देतीन."

"वाघ पाहाले येतीन मग. पुस्तकाचं काय?"

"तुले हरायची एवढी हौस काऊन आहे?"

मला राग आला. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दर रविवारी वाचायला जमणारे लोक मेळाव्यासाठी कधी पुण्या-नाशकाला जाऊ शकले नव्हते. त्यांना मोहर्लीही तितकीच लांब. मी एटापल्लीच ठेवलं. ती फुगून मागच्या रांगेत जाऊन बसली.

मतदानाआधी प्रश्न विचारतात. एका गृहस्थांनी काळजीच्या सुरात विचारलं, "तिकडे नक्षलवादी असतात म्हणे. तिथं सुरक्षित आहे ना, ताई?"

आदल्या वर्षी याच प्रश्नाला मी नम्रपणे, लांबलचक उत्तर दिलं होतं. या वेळी म्हटलं, "मी तिथंच राहते. इतकी वर्षं इथं येते, तुम्ही कधी मला विचारलं नाही की बाई, घरी नीट असता ना?"

मग कुणीतरी मधला मार्ग काढला, "त्यापेक्षा ताडोब्याजवळ घेऊ. सफारीही होईल."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझी मैत्रीण उभी होती.

"वाघ पाहाचा असन तं सुट्टी काढून जा. हा वाचकांचा मेळावा आहे. आमी एटापल्लीच म्हटलं, तं एटापल्लीच!"

चिठ्ठ्या मोजल्या. अगदी थोडक्यात, पण जिंकलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता जेवणाचं तूच पाह्य."

एटापल्लीच्या मेळाव्याला नेहमीपेक्षा कमी लोक आले. जे आले ते खडबडीत रस्त्याला शिव्या देत आले आणि व्हरांड्यात मांडी घालून बसले. दुपारी एका पाहुण्याचं लघुग्रहांवरच्या खाणींबद्दल व्याख्यान होतं. जवळच्या सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक बाहेरून जात, तेव्हा त्यांना बोलणं थांबवावं लागे. शेवटी आमच्या रविवारच्या मंडळीतली एक कॉलेजातली मुलगी उठली.

"सर, तिथी कोनी राहत असन तं?"

"तिथं कुणीच राहत नाही," पाहुणे हसले.

"पाहाले कोन गेलं होतं?"

त्यावर जो वाद पेटला, तो अंधार पडेस्तोवर चालला. आमची रविवारची माणसं पाहुण्यांच्या बरोबरीनं, मोठ्या आवाजात भांडत होती. मी कुणालाही आवरलं नाही.