पाच लेकरांच्या मावशी

नांदेडच्या प्रशिक्षणात आम्ही बारा टीव्ही पत्रकार लोकसंख्या आणि विकासावर बातमी करायला शिकत होतो. सरावासाठी हाताशी माणूस एकच, चहा आणणाऱ्या मावशी. आम्ही माइक घेऊन त्यांच्यावर तुटून पडायचो. त्या किटली खाली ठेवायच्या, पदर सारखा करायच्या आणि प्रश्नाआधीच ठणकावायच्या, "पाच लेकरं!"

तिसऱ्या दिवशी माझा माइक बघून म्हणाल्या, "किती हायत ते समद्यांनी इचारलं. मला किती पाहिजे होती, ते एकानं बी इचारलं न्हाई."

मी चाट पडले. घाईघाईनं तेच विचारलं.

"दोन!" म्हणून त्या अशा खदखदून हसल्या की कॅमेरावालाही हसत सुटला.

"आता तूच सांग माय, कोणती तीन वापस करू?"