नानांचा फोन मी उचलला नाही

नाना गेले. त्यांचे सात मिस्ड कॉल अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत.

मुद्दाम उचलले नव्हते.

तुमच्यासाठी ते माजी आमदार. सकाळपासून सगळ्या ग्रुपवर त्यांचा हात जोडलेला फोटो फिरतोय.
आम्हा जुळे सोलापूर भागातल्यांसाठी ते आमचे नगरसेवक. होटगीच्या रेल्वे गँगमनचा मुलगा, खडखडणारी स्कूटर.

वॉर्डात कुणी गेलं की नातेवाइकांच्या आधी नाना हजर. बांबू, कापड, मडकं, शववाहिका, सगळं तेच बघायचे.

विरोधक चिडवायचे, "मयताचा नगरसेवक."
नाना हसायचे. "लग्नाला समदेच जात्यात की."

पप्पा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. एकुलती एक. पुढे मडकं धरायला चुलतभावाला बोलवा, अशी कुजबुज सुरू झाली.

नानांनी मडकं सरळ माझ्या हातात दिलं.
"पोरगी हाय की. तीच धरंल."

स्मशानापर्यंत माझ्या शेजारून चालले. मी भराभर चालत होते.
"हळू चल बाळ. कुणाला घाई न्हाय."

मग नानांना तिकीट मिळालं, आमदार झाले. गुलालात मीही लाल झाले होते.

स्कूटर गेली, काळ्या काचांची गाडी आली. फोन पीए उचलायला लागला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

आई गेली त्या दिवशीसुद्धा साहेब मीटिंगमध्येच होते.

एक हार आला. आणणाऱ्याने हारासकट माझा फोटो काढला. संध्याकाळी तो आमदारांच्या पेजवर, 'कुटुंबाच्या दुःखात सहभागी.'
मी रडत होते त्या फोटोत. लोकांनी लाईक केलं होतं.

पुढच्या निवडणुकीत नाना पडले. गर्दी ओसरली आणि मग त्यांचे फोन यायला लागले.
आता बरा वेळ मिळाला, मी मनात म्हटलं. वाजू दिले.

आज मात्र मी त्यांच्या घरी गेले. राहवलं नाही.

दारात पुढारी, कॅमेरे, फ्लेक्स, सगळं होतं. मडकंच नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते कायम नानाच आणायचे ना!

मी स्कूटी काढली आणि कुंभाराकडून घेऊन आले.

काकूंनी, नानांच्या बायकोने, माझा हात घट्ट धरला. "तुमच्या दारावरनं गाडी गेली की दर बारी म्हणायचे, हितं मी चुकलो. फोन करतोय, पोरगी उचलत न्हाय."



मी मडक्यात विस्तव घातला. नानांचा पुतण्या हात पुढे करून उभा होता. यंदा तिकीट त्यालाच मिळणार म्हणतात. कॅमेरेही त्याच्याकडेच वळलेले.
नानांची श्रुती, त्यांची एकुलती एक लेक, मागे भिंतीला टेकून उभी होती.

मी मडकं तिच्या हातात दिलं.
"मुलगी आहे की. तीच धरेल."

पुतण्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. तो बाजूला झाला.

श्रुती भराभर चालू लागली. मी शेजारून चालले.
"हळू चल बाळ. कुणाला घाई नाही."

नाना, तुम्ही एकदा चुकलात. मी सात वेळा चुकले.
सावकाश जा. तुमच्या वॉर्डातल्या लेकीचा शेवटचा नमस्कार.