खुर्ची अडवून बसलेला मामा

माझ्या धाकट्या मामाला शाळेने तीन वर्षं तिसरीतच ठेवलं आणि मग हात टेकले. आकडे त्याच्या डोक्यात टिकत नसत आणि घाई तर त्याच्या गावीही नव्हती. माझी आई खुर्च्यांना वेत विणायची. हा चाळिशीतला भाऊ दिवसभर तिच्याजवळ बसून विणीवरून बोट फिरवायचा. एकदा वैतागून तिने त्याच्याच हातात वेत दिला. एक साधी वीण शिकायला त्याला दीड वर्ष लागलं, पण मग त्याचा हात कधी चुकला म्हणून नाही.

ते पाहून कोपऱ्यावरच्या शिंप्याने आपल्या बहिणीला आणलं. "दिवसभर माझी बटणं मोजते, तेही चुकीचं," तो म्हणाला. मागोमाग बेकरीवाल्याचा तिशीतला मुलगा आला. त्याला फक्त गोल खुर्च्या आवडत. खोली पुरेना, तेव्हा आईने मागचं रिकामं गॅरेज भाड्याने घेतलं. कार्यशाळा काढायची असं कुणी ठरवलं नव्हतं, ती निघाली.

तिसऱ्या वर्षी एका सभागृहाने चाळीस खुर्च्या सांगितल्या. न्यायच्या दिवशी टेम्पो दारात आला आणि मामा शेवटच्या खुर्चीवर बसून राहिला.

"ऊठ रे, लोक खोळंबलेत," आई म्हणाली.

"ही नाही जायची. हिची एक पट्टी वाट चुकलीये."

आईने वाकून पाहिलं. खरंच, खालच्या कडेला एक पट्टी शेजारच्या भोकात गेली होती. ती खुर्ची घाईघाईत तिनेच विणली होती. टेम्पोवाल्याने मामाला खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला. त्याला सोपं जावं म्हणून मामाने पाय वर घेतले. तरी जमलं नाही.

तेवढ्यात सभागृहाचा मॅनेजर आला. "हे कोण?"

"आमचे तपासनीस," आई नाइलाजाने म्हणाली.

मॅनेजरने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. त्याला चूक सापडेना. मामाने त्याचं बोट धरून नेमक्या जागी टेकवलं. तो हसला, एकोणचाळीस खुर्च्या घेऊन गेला आणि चाळिसावीसाठी आठवड्याने आला, तेव्हा घरच्या सहा मोडक्या खुर्च्याही घेऊन आला.

आता तिथे अकरा जण विणतात. प्रत्येक खुर्चीवरून मामाचं बोट फिरतं. सगळ्यात जास्त परत येतात त्या आईच्या.

"ताई, हे उसव," तो शांतपणे सांगतो.

आई पुटपुटत उसवते.