पास झालेल्या पोरीची दुसरी परीक्षा

फोन नीट कानाशी धर पोरी, अन् माह्यं होईपर्यंत मधात बोलू नको. परवा तू मले म्हनलीस, "आत्या, पोरीनं ते दुसरं गणित करून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?" शिकली-सवरली तू, नागपूरले हापिसात बसते, अन् असं काऊन बोलली? आता आयक.

शाळेत मी खिचडी वाढून राह्यली होती. पोरं वऱ्हांड्यात पंगतीनं बसलेली. माही नात सम्यका पाचवीच्या रांगेत. घास तिच्या हातात होता. तेवढ्यात शेठजी आले. देवळीत त्यायची कापसाची खरेदी, शाळेच्या कमिटीत त्यायचाच शब्द चालते. संग त्यायच्या नातवाच्या शिकवणीचे सर.

"कोन ती पास झालेली? ऊठ. फळ्यापाशी ये."

"हात तरी धुऊ द्या," मी म्हनलं. कोनी आयकलं नाई. पोरगी खरकट्या हातानंच उठली.

तुले ठावं हाये, ती पास झाली ते त्या दुसऱ्या, वसतिगृहाच्या सरकारी शाळेच्या परीक्षेत. सहावीपासून राह्यचं, खायचं, शिकायचं सारं फुकट. जागा थोड्या. परीक्षा जन्मात एकदाच देता येते. सम्यकाचं नाव लागलं. शेठजीच्या नातवाचं नाई लागलं. त्याले तर वर्ध्याची शिकवणी होती.

सरानं फळ्यावर अपूर्णांकाचं गणित लिहिलं. असली गणितं ती चुलीपाशी बसून, मी कांदे कापते तेवढ्यात करते. पन आता सारी शाळा तिच्याकडं पाहून राह्यली होती. एक आकडा लिहिला, पुसला. दुसरा लिहिला. चुकला.

सर हासले. "पाहा शेठजी. परीक्षेचा काई भरवसाच राह्यला नाई."

"पेपर फुटला असन. नाई तर या लोकायच्या पोरीले जमते काय?"

या लोकायच्या. बडे गुरुजी तिथंच उभे. रोज तिच्या वह्या तपासनारा मानूस. चष्मा पुसत राह्यले.

अन् मी? हातात पळी तशीच. एका शब्दानं कमिटी मले काढन, हे मले ठावं. पन डोक्यात एकच गोष्ट फिरून राह्यली होती. आमची पोट्टी नापास झाली असती, तर हीच परीक्षा पक्की होती. 'तेवढीच कुवत' म्हनले असते अन् जेवायले गेले असते. ती पास झाली, तं परीक्षा कच्ची!

सर दुसरं गणित लिहायले वळले. मी गेली. तिच्या हातातला खडू घेतला. शेठजीपुढं धरला.

"पुन्हा परीक्षा घ्यायची तर जेवढे निवडले तेवढ्यायची घ्या. एका रांगेत बसवून. एकटी माही नात नाई लिहिनार."

"वा! खिचडीवाली कलेक्टर झाली!" शेठजी म्हनले. पोरंबी हासली.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी दुसरी बाई होती. शेठजीनं तक्रार टाकली, चौकशी लागली, पोरीची जागा अडकली. देवळीच्या हापिसात गेली, तं साहेब जाग्यावर नाई. वर्ध्याले गेली, तं म्हनले देवळीले जा. कोनाले इचारू, सांग.

तेबी सोड. काल मी भाकर थापून राह्यली होती, तं पोरगी म्हनते, "आजी, मी खरंच पास झाली होती का?"

"झाली होती व माय," म्हनलं. तिले पटलं नाई. तोंडावरून दिसते ना. जागा भेटन, न भेटन. पन जे त्यायनं पोरीच्या आतून काढून नेलं, ते मी कुठून आनू?

म्हनून सांगते. चौकशीचा साहेब येवो, नाई तर त्याचाबी साहेब येवो. जागा गेली तरी चालन. तिले एकटीले पुन्हा फळ्यापुढं उभी करू देनार नाई. तिनं पेपर दिला तो सगळ्यायसंग बसून दिला. तोच तिचा.

तू लवकर येजो. दोन दिवसाची सुट्टी काढ, फाट्यावर उतर, मी घ्यायले येते. पन आल्यावर तिले गणित घालू नको. गमतीनंबी नाई.